मे अखेर भंडारदरा : चार दिवस, तीन मुलं, एक आजी. दिवसभर करायचं काय?

अंगण
नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चार दिवस भंडारदऱ्याला जातोय, पुण्याहून, स्वतःच्या गाडीने. बरोबर सासूबाई (वय ६८, गुडघे दुखतात, पण सपाटीवर दीड-दोन किलोमीटर सहज चालतात), मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा आणि नणंदेचा १५ वर्षांचा मुलगा. राहायची सोय धरणाजवळच्या शेंडी गावात झाली आहे.

आजवर सुट्टी म्हटलं की गाडीत बसायचं, एका पॉइंटवर उतरायचं, फोटो काढायचे, पुढच्या पॉइंटवर जायचं, असंच झालं. मुलं मागच्या सीटवर मोबाइल बघत. गेल्या वर्षी धाकट्याला विचारलं, काय आवडलं, तर म्हणाला मक्याचं कणीस. या वेळी मुलांचे पाय मातीला लागावेत एवढीच इच्छा आहे. काजवे बघायचे आहेतच. पण दिवसा काय? धबधबे आटलेले असणार, ऊन मी म्हणत असणार. कळसूबाई मुलांना झेपेल का? सांदण दरीत न्यावं का? आणि सासूबाईंना खोलीवर बसवून आम्ही हिंडायचं हे मला नको आहे.

डोंगरवेडा
आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: मेमध्ये सह्याद्रीत दिवस दोन तुकड्यांचा असतो. पहाटे साडेपाच ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेचारनंतर. मधले सहा-सात तास झाडाखाली, ओसरीवर, देवळात काढायचे. हे स्वीकारलं की निम्मे प्रश्न सुटतात. दुपारी बाराला मुलांना कातळावर नेलं की मुलं चिडतात, आपण चिडतो, आणि दोष डोंगराला लागतो.

कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. बारी गावातून वाट. चांगल्या चालीने तीन तास, मुलं बरोबर असली तर चार धरा. ११ आणि १५ वर्षांच्या मुलांना नक्की झेपेल. ६ वर्षांच्या मुलाला घेऊन गेलेले लोक पाहिलेत, पण उतरताना त्याला पाठीवर घ्यावं लागेल ही तयारी हवी. लोखंडी शिड्या आहेत, कठडे आहेत, मात्र उन्हात लोखंड इतकं तापतं की हात ठेववत नाही. म्हणून पहाटे पाचला बारीतून पाऊल उचलायचं आणि दहाच्या आत शिड्या उतरून खाली यायचं. माणशी तीन लिटर पाणी. लिंबू-मीठ-साखर घरून बाटलीत कालवून न्या.

आणि दुपारनंतर ईशान्येला ढग चढताना दिसले तर चढाईचा विचार सोडा. वळीव येतो तो विजा घेऊन, आणि शिखरावर देवळाखेरीज आडोसा नाही. त्यात लोखंडी शिड्या. इथे धाडस दाखवू नका.

नाशिकची_सून
आम्ही मागच्या वर्षी असंच केलं. नवरा आणि मोठी मुलगी वर गेले, मी आणि सासरे धाकटीला घेऊन पायथ्याच्या देवीच्या देवळापर्यंत. धाकटीला मी डोंगर चढले असंच वाटलं आणि आम्हीही तसंच म्हटलं. वर जाणाऱ्यांनी देवीला नारळ तिच्या नावाने फोडला.

प्रवराकाठ
ताई, मी अकोले तालुक्यातलाच. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, म्हणून सविस्तर लिहितो.

येताना संगमनेर-अकोले-राजूर रस्त्याने या. राजूरला पेढे घ्या, इथले पेढे तालुक्यात प्रसिद्ध आहेत. राजूरच्या पुढे रंधा लागतो. मेमध्ये रंधा धबधबा नुसता काळा कातळ असतो, पण धरणातून आवर्तन सुटलं असेल तर भर उन्हाळ्यात तो पावसाळ्यासारखा कोसळताना दिसतो. आवर्तन म्हणजे शेतीसाठी ठरावीक दिवस सोडतात ते पाणी. मुक्कामाच्या घरी फोन करून विचारून ठेवा. पाणी असो नसो, मुलांना कठड्याच्या अलीकडेच ठेवा.

भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. दगडी बांधकाम, शंभर वर्षांपूर्वीचं. संध्याकाळी धरणाच्या खालच्या बाजूला झाडांची दाट सावली असते, आजींना तिथे न्या. फार चालणं नाही.

दुसरा दिवस रतनवाडीसाठी ठेवा. जलाशयाला वळसा घालून गाडी थेट जाते, नाहीतर शेंडीतून होडीने. अमृतेश्वराचं देऊळ आहे, हेमाडपंती धाटणीचं, दगडात इतकं बारीक कोरीव काम की मुलं एकेक आकृती शोधत बसतात. शेजारी पुष्करणी. भर दुपारी त्या गाभाऱ्यात गार वाटतं, आणि आजींना एक पायरीसुद्धा चढावी लागत नाही असं म्हणणार नाही, पण ज्या आहेत त्या हात धरून होतात. रतनवाडीच्या मागे रतनगड. प्रवरा तिथेच उगम पावते. १५ वर्षांच्या मुलाला गड करायचा असेल तर पहाटे गावातला वाटाड्या घेऊन जा. वाट बरीचशी दाट झाडीतून आहे, त्यामुळे मेमध्ये कळसूबाईपेक्षा रतनगड सुसह्य. वर शिड्या आहेत, आणि माथ्यावर नेढं. डोंगराला आरपार भोक, त्यात बसलं की दोन्ही बाजूंचा वारा अंगावर येतो.

घाटघरला कोकणकडा. सूर्यास्ताला जा. मुलीला तिथला वीजप्रकल्प समजावून सांगा: वर एक धरण, खाली कोकणात एक धरण. विजेची मागणी जास्त असते तेव्हा वरचं पाणी खाली सोडून वीज करतात आणि मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवतात. क्षमता २५० मेगावॉट. माझ्या पुतण्याला हे पटेचना, पाणी वर कसं जाईल म्हणून तासभर वाद घातला त्याने.

डोंगरवेडा
सांदणबद्दल राहिलं. सामरद गावातून पायी थोडं अंतर, मग दोन उभ्या कातळांच्या मधली चिंचोळी घळ. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंती हाताला लागतात. सुरुवातीचा टप्पा मुलांना घेऊन करता येतो, मोठाल्या धोंड्यांवरून चढउतार आहे, चपला चालणार नाहीत. पुढचे टप्पे दोरावरचे, ते या खेपेला नको. सहा वर्षांच्या मुलाला घळीच्या तोंडापाशी थांबवा. आभाळ भरून आलं असेल तर आत शिरूच नका, वरच्या अंगाला पाऊस पडला तर पाणी त्या घळीतूनच येतं आणि बाजूला व्हायला जागा नसते.

रात्रपाळी
काजव्यांसाठी हल्ली फार गर्दी होते. दोन वर्षांपूर्वी आम्ही जलाशयाकाठच्या तंबूंत राहिलो. रात्री साडेअकरापर्यंत मोठ्याने गाणी, वर पांढरे झोत. आयोजकाला सांगून पाहिलं, त्याने ऐकलं नाही. काजवे पाहायला गेलो तर रस्त्यात गाड्यांची रांग, प्रत्येकाचे दिवे पेटलेले. झाडं अंधारातच. माझी मुलगी रडली. तेव्हापासून मला प्रश्न पडलाय, आपण जावंच का? आपण गेलो नाही तर काजवे तरी राहतील.

कीटकमित्र
रात्रपाळी, तुमचं दुःख कळतं. पण जाताना नीट माहिती घेऊन गेलेला माणूस आणि न घेता गेलेला माणूस यांत फार फरक पडतो, म्हणून थोडं लिहितो.

काजवा माशी नव्हे, भुंगेऱ्यांच्या कुळातला कीटक. आयुष्याचा बहुतेक काळ तो अळी म्हणून ओल्या पालापाचोळ्यात काढतो, गोगलगायी खाऊन. पंख फुटल्यावर त्याच्या हातात जेमतेम दोन-तीन आठवडे असतात, आणि ते सगळे जोडीदार शोधण्यासाठी. पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं, ल्युसिफरेज या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि प्रकाश पडतो. उष्णता जवळजवळ नाहीच, म्हणून हातावर बसला तरी चटका लागत नाही. नर उडता-उडता लुकलुकतात, माद्या पानांवर, गवतात बसून उत्तर देतात. एका झाडावरचे हजारो नर एका तालात उजळतात आणि विझतात, तो ताल झाडभर लाटेसारखा सरकतो.

आता विचार करा, त्या संवादात गाडीचा दिवा पडला तर? मादीला नर दिसत नाही, नराला मादी दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांतली एक रात्र गेली. म्हणून: गाडी लांब लावून दिवे बंद. टॉर्चला लाल जिलेटीन कागद, तोही पायांकडे. फोटो नाही, फ्लॅश तर नाहीच. झाडाच्या बुंध्याशी जाऊ नका, गवतातल्या माद्या आणि पाचोळ्यातल्या अळ्या पायाखाली चिरडतात. पकडून बाटलीत भरू नका. डासांसाठी फवारा मारण्यापेक्षा लांब बाह्यांचे कपडे घाला. आणि पंधरा मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या, मोबाइल एकदाही न उघडता.

हिरडा, बेहडा, सादडा, उंबर, जांभूळ अशा झाडांवर ते जास्त दिसतात. अमावस्येच्या आसपासची रात्र, आणि आदल्या दिवशी वळवाची एखादी सर झालेली असेल तर फारच उत्तम. पाऊस जोरात लागला की हंगाम संपला.

प्रवराकाठ
रात्रपाळी, जाऊच नये असं मला वाटत नाही, आणि का ते सांगतो. आमच्याकडे भात होतो पावसावर. मेअखेर घरातला दाणागोटा सरत आलेला असतो, त्याच वेळी बियाण्याला, औताला पैसा लागतो. त्या पंधरा दिवसांत मुरशेत, पांजरे, उडदावणे, कोलटेंभे इथल्या घरांत पाहुणे आले तर तो पैसा थेट घरात येतो. झाड उभं राहिलं तर काजवा येतो, काजवा आला तर पाहुणा येतो, हे आता पोरांनाही कळतं. पण हा पैसा गावातल्या घराला मिळावा. बाहेरच्याने तंबू ठोकून, बाहेरचा स्वयंपाकी आणून, ध्वनिवर्धक लावून गेलं तर गावाला फक्त कचरा उरतो.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन खात्याच्या नाक्यावर पावती फाडावी लागते, हंगामात रात्री गाड्यांवर वेळेचं बंधन असतं. नाक्यावर विचारा आणि पाळा. त्यापेक्षा सोपं म्हणजे एक रात्र आतल्या गावात मुक्काम करा. गाडी संध्याकाळीच लागली, रात्री गाववाल्याबरोबर पायी गेलात, की कुणाचा दिवा कुणाला लागत नाही.

अजून एक, आणि हे मनापासून सांगतो. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण आमच्यासाठी नुसती म्हण नाही. मेमध्ये जलाशयाच्या काठावरच्या वाड्यांत बाया हंडा घेऊन विहिरीवर चालत जातात. पाहुणे आले म्हणून कुणी पाणी नाही म्हणणार नाही, पण अंघोळीला एक बादली घ्या.

अंगण
प्रवराकाठ, किती छान सांगितलंत. शेंडीतल्या चार रात्रींपैकी एक कमी करून उडदावण्यात एक रात्र राहतो. मुलांना पाण्यात डुंबायचं आहे, जलाशयात चालेल का?

प्रवराकाठ
नाही. काठ सपाट वाटतो, पण पाणी उतरलेलं असताना तळाला गाळ असतो, पाय रुततो, आणि दोन पावलांवर एकदम खोल. चांगले पोहणारे बुडून गेले आहेत इथे. होडीत बसाल तेव्हाही लाइफ जॅकेट मागून घ्या, लहान मुलाच्या मापाचं आहे का ते बघा.

डुंबण्याऐवजी मुलांना रानमेव्याला न्या. सकाळी करवंदीच्या जाळ्या काळ्याभोर झालेल्या असतात. जांभळं पडायला लागलेली, आळवं, तोरणं. गावातली मुलं पळसाच्या पानाचे द्रोण करून विकायला बसतात. त्यांच्याकडून घ्या, भाव करू नका. आणि मग त्यांनाच म्हणा, आमच्या मुलांना जाळ्या दाखवा.

दुपारी ओसरीवर बसा. राब भाजलेले असतील, शेतं काळी दिसतील. धाकट्याला वाटेल आग लागली होती. पाला-गोवऱ्या पसरून जमीन भाजतात, तिथेच पुढे भाताचं रोप टाकतात. आजीबाईंना हे दाखवा, त्याच मुलांना समजावतील.

आज्जीबाई
मी ७१ वर्षांची, अशाच सहलीत मला तीनदा नेलं आहे, म्हणून आजींच्या बाजूने लिहिते. आम्हाला पॉइंट नको असतात. आम्हाला बसायला पाठ टेकेल अशी जागा, जवळ स्वच्छतागृह, आणि बोलायला कुणीतरी लागतं. गावातल्या घरी राहिलात की तिसरी गोष्ट आपोआप मिळते. काठी बरोबर ठेवा, घडीची खुर्ची गाडीत टाका. काजवे बघायला त्यांना नक्की न्या. रात्री खुर्चीत बसून बघण्यासारखं याच्याइतकं दुसरं काही नाही.

बीजमाता राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या, कोंभाळण्याच्या. गावरान बियाण्यांच्या जतनासाठी २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वाकडी वाट करून त्या गावात जाऊन या. आमच्या नातीने तिथून आल्यावर वालाचे चार दाणे कुंडीत लावले, वेल गच्चीपर्यंत गेला.

डोंगरवेडा
आकाश विसरू नका. काजव्यांनंतर लगेच खोलीत जाऊ नका. मेअखेर रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला सप्तर्षी उंच असतात. त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढे वळवली की डोक्यावर स्वाती, आणखी पुढे चित्रा. आग्नेयेला वृश्चिक वर येतो, त्यातली तांबूस ज्येष्ठा सहा वर्षांच्या मुलालाही ओळखू येते. रात्री चालताना पायात बूट आणि काठी आपटत चला. फुरसं, म्हणजे विषारी साप, असतं या भागात.

अंगण *(जूनचा पहिला आठवडा)*
परत आलो. ज्यांनी लिहिलं त्या सगळ्यांना हे वाचून दाखवल्यासारखं लिहितेय.

कळसूबाईला नवरा, मुलगी आणि भाचा गेले. पावणेपाचला बारीतून निघाले, साडेआठला वर. धुरकट होतं, तरी पश्चिमेला अलंग-मदन-कुलंग हे किल्ले दिसले असं म्हणतात. शेवटच्या शिडीवर मुलगी घाबरली, भाच्याने खाली उभं राहून तिचं एकेक पाऊल पायरीवर टेकवलं. घरी रोज भांडणारी ही दोघं. मी, सासूबाई आणि धाकटा खाली देवीपाशी.

सांदण केलं नाही. सामरदला पोहोचलो आणि ढग आले. भाचा खट्टू झाला, पण अर्ध्या तासात जो काही वळीव कोसळला, ते पाहून गाडीतून कुणी चकार शब्द काढला नाही.

रतनवाडीच्या देवळात तीन तास होतो. तीन तास! मुलांनी दगडातले हत्ती मोजले, आकडा दर वेळी वेगळा आला.

पण खरं सांगायचं ते उडदावण्याचं. ज्या घरी राहिलो तिथल्या आजी सासूबाईंच्याच वयाच्या. नागलीची भाकरी, हुलग्यांचं कालवण, मिरचीचा ठेचा. दुपारी दोघी पडवीत सुपात करवंदं घेऊन बसल्या. सासूबाईंचं माहेर जुन्नरकडचं. त्यांनी एक करवंद उचललं, मुठीत झाकलं आणि धाकट्याला विचारलं, "कोंबडा की कोंबडी?" त्याला काही कळेना. मग त्यांनी ते दातांनी फोडून दाखवलं, आत लालबुंद. "कोंबडा! मी जिंकले." त्या घरच्या आजी इतक्या हसल्या, म्हणाल्या, तुमच्याकडे पण हेच म्हणत्यात व्हय. पुढचे दोन तास सूप रिकामं होईपर्यंत तोच खेळ. बोटं, ओठ, शर्ट सगळं जांभळं आणि चिकट. मोबाइल कुठे होते मला आठवत नाही.

रात्री आठला त्यांचा मुलगा आम्हाला घेऊन निघाला. लाल कागदाची टॉर्च एकच, त्याच्या हातात. सासूबाईंची खुर्ची भाच्याने डोक्यावर घेतली. गावापासून दहा मिनिटांवर बांध, पलीकडे सादड्याची झाडं. पंधरा मिनिटं काहीच नाही, आणि मग एका फांदीवर सुरू झालं. फांदीवरून झाडावर, झाडावरून शेजारच्या झाडावर. उजळायचं, विझायचं, पुन्हा उजळायचं. धाकटा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आई, झाड श्वास घेतंय."

परत निघायच्या वेळी एक काजवा भरकटत आला आणि सासूबाईंच्या पदराच्या घडीत शिरला. सुती पातळ, फिकट रंगाचं. आतून तो लुकलुकायचा तेव्हा कापडाचे धागे दिसायचे. त्यांनी हात मांडीवरून हलवले नाहीत. तिन्ही मुलं त्यांच्या पायाशी मातीत बसली. तो बाहेर येऊन उडेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो, मग सासूबाई म्हणाल्या, "चला आता," आणि स्वतःच्या हाताने खुर्ची मिटली.

प्रवराकाठ
ताई, काल रात्रीपासून इकडे झड लागली आहे. काजवे संपले. राबावर दाणे टाकायला आज सकाळी सगळे शेतात गेलेत.